उडत्या पाखराचा नेम

खालापूर,
३ डिसेंबर २०२४

सहदेवदादा,

अक्षर ओळखलंत का? तुमच्या वाडीतल्या प्रत्येक पोराच्या लसीच्या कार्डावर हेच अक्षर आहे, तेव्हा ओळखाल. ऑक्टोबरमध्ये मी निवृत्त झाले. आता कोणी ‘सिस्टर’ म्हणत नाही, नुसतं ‘रोहिणीताई’ म्हणतात, आणि मीच मागे वळून बघते की ही कोण बाई. तुमच्या वाडीत अजून मोबाइलला रेंज नाही, म्हणून हे पत्र. पोस्टमन खालच्या दुकानातच ठेवतो ना अजून?

निरोप समारंभात सगळ्यांनी मिळून मला एक कॅमेरा दिला. लांबचं जवळ आणणारा आहे. वाटलं होतं, फुलंबिलं काढत बसेन. पण पहिल्याच आठवड्यात टोलनाक्याच्या मागे वीस-पंचवीस घारी घिरट्या घालताना दिसल्या आणि माझं डोकं फिरलं. बसलेलं पाखरू कुणीही काढेल. मला उडतं पाहिजे.

गेला महिनाभर रोज सकाळी तिथे उभी असते. ट्रकवाल्यांना वाटतं मी वेग मोजायला सरकारने उभी केलेली बाई आहे. मला बघितलं की बिचारे ब्रेक दाबतात. घारी मात्र काही वेग कमी करत नाहीत. नमुन्याला दोन फोटो सोबत ठेवते. एकात नुसतं शेपूट आहे, दुसऱ्यात नुसतं आकाश. असली आकाशं माझ्याकडे चारशे तरी जमली असतील.

काल ती आकाशं पुसता पुसता तुमची आठवण झाली. लसीची पेटी खांद्यावर घेऊन तुम्ही माझ्यापुढे चढायचात. एकदा चढता चढताच कमरेची गलोल काढलीत आणि उडता पारवा पाडलात. पेटीतला बर्फसुद्धा हलला नाही. मी केवढी ओरडले होते तुमच्यावर! आज तीच विद्या मागायची वेळ आली. कसा धरायचात तो नेम? सगळं सांगा, काही राखून ठेवू नका.

गुडघ्यांनी संप केलाय, नाहीतर वर येऊनच विचारलं असतं.

रोहिणी ठोंबरे


वाडी,
१५ डिसेंबर

रोहिणीबाय,

पत्र पोचलं. तू म्हातारी झालीस याचं हसू आलं. आमच्यात सगळ्यांनाच तू म्हनतात, देवाला बी, हे तुला ठाऊक हाय.

आता ऐक. तू पाखराकडं बघून बटन दाबतीस, म्हनून तुला शेपूट मिळतं. पाखरू जिथं हाय तिथं दगड कधीच पोचत नाय. दगड सुटेपर्यंत पाखरू पुढं गेलेलं असतं. म्हनून नेम पाखरावर नाय धरायचा, त्याच्या पुढल्या मोकळ्या जागेवर धरायचा. किती पुढं, ते कुनी सांगत नाय. हजार दगड वाया गेले की हाताला कळतं. तुझी चारशे आकाशं झाली, अजून सहाशे काढ.

दुसरं, हात हलवायचा नाय. पाय रोवायचे अन कमरेतून वळायचं, जात्याच्या वरल्या दगडावानी. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. एक डोळा मिटलास की पाखरू कुठनं आलं ते दिसत नाय.

तिसरं सगळ्यात अवघड. दगड सुटल्यावर बी हात थांबवायचा नाय. तसाच पाखरासंगं पुढं न्यायचा. नवशिका दगड सुटला की थांबतो, बघायला. तिथंच त्याचा नेम जातो.

घारी सोड, त्या लबाड. बगळ्यापासून सुरू कर. गुरांच्या मागं असतात, उडतात बी सावकाश. अन पाखरू उडायच्या आधी शिट टाकतं, अंग हलकं करतं. शेपटीखाली नजर ठेव, शिट पडली की तयार रहा. हे तुला कुठल्या पुस्तकात नाय मिळायचं.

मी गलोल सोडून लई वर्सं झाली. तुझ्यासंगं फिरायचो तेव्हा कधीमधी धरायचो, मग ती बी सोडली. का ते विचारू नको.

सहदेव


खालापूर,
६ जानेवारी २०२५

सहदेवदादा,

तुम्ही गुरू आहात. नाक्यावरच्या घारींना रजा दिली आणि कालव्याकाठी भाताच्या खुंटांमध्ये जाऊन उभी राहिले. पहिले तीन दिवस बगळ्यांच्या शेपटाखाली डोळे लावून बसले होते. एक म्हैसवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने विचारलं, “बाय, काय हरवलंय काय?” मी म्हटलं, शिट पडायची वाट बघतेय. तो म्हैस घेऊन लांबच्या शेतात गेला.

पण दादा, चौथ्या दिवशी शिट पडली, बगळा उडाला, मी कमरेतून वळले आणि बटण दाबून झाल्यावरही वळतच राहिले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर फोटो उघडला आणि उभी होते ती खुर्चीतच बसले. साठ वर्षं मी बगळे बघतेय. पंख असा असतो हे मला माहीतच नव्हतं! टोकाची पिसं बोटांसारखी सुटी सुटी होतात आणि प्रत्येक पीस वेगळं वाकलेलं असतं, कारण प्रत्येकाखालची हवा वेगळी. उन्हात ती जवळजवळ काचेची दिसतात. भाचा ऋषिकेश म्हणाला, हा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा फोटो आहे. म्हणजे एका सेकंदात असे दोन हजार बगळे आपल्या डोळ्यांदेखत निघून जातात, आणि आपण म्हणतो, बगळा उडाला. मला खरोखर रडू आलं. कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

खोपोलीच्या स्टुडिओत छापून घेतला, सोबत ठेवलाय. नीट बघा आणि चुका सांगा.

तुमचं अक्षर मात्र केवढं मोठं झालंय! एका ओळीत चार शब्द. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी बघितलं तर कान धरतील.

रोहिणी


वाडी,
२० जानेवारी

रोहिणीबाय,

बगळ्याचा फोटो मिळाला. लई ब्येस काढलास. मान कशी घडी घालून घेतली हाय अन पाय मागं ताठ. पांढरा सफेत पंख एकदम उघडा. उजवा पंख थोडा तुटला असता, पन वाचला. पुढच्या येळेला पाखराच्या तोंडापुढं जास्त जागा सोड, त्याला जायला वाट पायजे.

आता वाऱ्याचं ध्यान धर. पाखरू वाऱ्याला पाठ करून उडत नाय, तोंड करून उडतं. सकाळी वारा कुठनं येतो ते बघून त्याच्या अंगाला उभी राहा, मग पाखरू तुझ्याकडं येतं.

अक्षराचं म्हनशील तर, कागद मोठा मिळाला म्हनून मोठं लिवलं.

सहदेव


खालापूर,
२९ जानेवारी

सहदेवदादा,

आज कपाट आवरताना बगळ्याचा फोटो सापडला. पाकिटात घालायचा राहून गेला होता. शेजारीच ठेवलेला दुसरा फोटो गडबडीत तुमच्याकडे आला. तो खंड्याचा आहे. तारेवर बसलेला खंड्या, निळ्या पाठीचा, पांढऱ्या छातीचा, चोचीत मासा. उडतसुद्धा नाहीये तो.

दादा, तुम्हाला त्यात घडी घातलेली मान कुठे दिसली?

पत्र पुन्हा काढून वाचलं. मग आधीचंही वाचलं. ओळी डावीकडून उजवीकडे उतरत गेल्यात. शेवटच्या ओळीत दोन शब्द एकावर एक आलेत. आणि मी थट्टा करत होते! मी आयुष्यभर वाड्यावाड्यांतून म्हाताऱ्यांच्या पापण्या उलट्या करून बघितल्या, ‘आजोबा, बोटं किती’ म्हणून विचारलं, आणि तुमचं अक्षर माझ्यासमोर असून मला कळलं नाही. स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल.

आता सरळ सांगा. केव्हापासून दिसत नाही? धूर आल्यासारखं दिसतं का? उन्हात जास्त त्रास होतो का? बुबुळ पांढरं झालंय का, ते तुमच्या सुनेला, जयवंतेला, विचारून कळवा. मोतीबिंदू असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. कर्जतच्या दवाखान्यात दर महिन्याला ऑपरेशनं होतात. मी स्टेशनाबाहेर रिक्षा घेऊन उभी राहीन. तुम्ही फक्त खाली उतरा.

उत्तर लगेच द्या.

रोहिणी


खालापूर,
२२ फेब्रुवारी

सहदेवदादा,

तीन आठवडे झाले. दुकानदाराच्या फोनवर दोनदा निरोप ठेवला. तो म्हणतो, पत्र दिलंय, म्हातारा काही बोलत नाही.

रागवायचं तर रागवा, पण लिहा.

रोहिणी


वाडी,
५ मार्च

रोहिणीबाय,

हे जयवंता लिहितेय. सासरे सांगतात आणि मी उतरवते. ते म्हणाले, मी बोलतो तसंच लिव, शाळेवानी करू नको.

तू चुकली नायस. मीच फसवलं. तुझं पत्र उन्हात धरून वाचता येत होतं, फोटो मात्र उन्हात चकाकायचा, नुसता डाग दिसला. पांढरं कायतरी होतं. तू बगळा म्हनलीस, मी बगळा धरला. बगळा कसा उडतो ते मला डोळे मिटून सांगता येतं.

डोळ्यात फूल पडलंय. दोन्ही. हे दवाखान्याचं काम नाय, हे माझं देनं हाय. तू विचारशीलच, म्हनून आज सांगतो. वाडीत कुनाला ठाऊक नाय. आता या पोरीला कळंल, तर कळू दे.

मी चोवीस वर्सांचा होतो. नवीन लगीन झालेलं. खालापूरच्या अंगाला वीटभट्टीवर आलो होतो. भट्टीच्या मागं धरन, धरनाच्या मागं टेकडी, तिच्या पायाशी एक मोठा बेहडा. चैताचे दिवस. एक शिंगचोच्या रोज त्याच वाटेनं यायचा. पुस्तकात त्याला धनेश म्हनतात. होळीपासून मिरगापर्यंत शिंगचोच्या मारायचा नाय, हे आमच्यात लहान पोराला बी ठाऊक. मला बी होतं. पन मला वाटलं, वाडी मागं राहिली तर वाडीचा नेम बी मागं राहिला. हितं कोन बघतंय? भुकेनं मारला असता तर एक गोष्ट होती. मेव्हना म्हनला, उडता पाडून दाखव. मी दाखवला. एकाच दगडात पडला. चोचीत पिकलं उंबर होतं, ते पडल्यावर बी चोचीतच होतं. चिरला तर गळ्यात अजून तेरा उंबरं, आख्खी. आमी हसलो, म्हनलो हावरा होता.

चार दिवसांनी त्या बेहड्याखालनं जात होतो. वर खोडात एक उभी फट दिसली, आजूबाजूनं लिंपलेली. फटीतनं एक चोच बाहेर आली. उघडली, मिटली. पुन्यांदा उघडली. तेव्हा मला कळलं. मादी आत सोताला लिंपून घेते, अंडी घालते, पिसं टाकते, अन नर बाहेरनं तिला भरवतो. तिच्या पोटात जायची उंबरं माझ्या पोटात गेली होती.

मी वर चढलो. काठीला उंबर लावून फटीशी धरलं. तिनं चोच आत घेतली. रोज गेलो, पाच दिवस. माझ्या हातचं तिनं घेतलं नाय. सहाव्या दिवशी चोच आली नाय. मी लिंपन फोडलं. आतल्या बाजूनं तिनं बी फोडायला घेतलं होतं, वीतभर भिंत उकरलेली. पंखाला पिसं नव्हती, बाहेर पडली असती तरी उडाली नसती. खाली दोन पिल्लं.

ती काळोखात बसून गेली, बाय. आता माझ्या डोळ्यात काळोख आला तर मी दार उघडा म्हनून कुनाकडं जाऊ? मी नाय येनार. पुन्यांदा दवाखान्याचं लिवू नको. पाखरांचं लिव, ही पोरगी वाचून दाखवंल.

सहदेव

मावशी, हे मी माझ्या मनाने लिहिते. बाबांना आता चुलीचा जाळही नीट दिसत नाही. परवा विहिरीच्या काठाशी गेले होते, शेजारच्या चिंधीआजीने हात धरून मागे ओढलं. मला शपथ घातलीय की तुम्हाला सांगू नको. — जयवंता


खालापूर,
१४ एप्रिल

सहदेवदादा,

तुमचं पत्र आल्यावर मी आठ दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. नववा दिवस उजाडला आणि रिक्षा करून धरणाच्या मागे गेले. वीटभट्टी आता नाही, तिथे शेतघरांचे प्लॉट पडलेत. पण टेकडी आहे. आणि दादा, बेहडा आहे.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही सगळं सांगितलंत, आता मी काय लपवू? बेहड्याच्या खोडात, दोन माणसं उंचीवर, उभी फट दिसली. लिंपण ताजं होतं, खाली बियांचा आणि शिटेचा सडा. मी घाईघाईने समोरच्याच दगडावर जाऊन बसले. वीस पावलांवर. आणि नेसून काय गेले होते? पांढरी साडी. तीस वर्षांची सवय, हात आपोआप पांढऱ्यावर जातो.

तासाभराने नर आला. लांबच्या सादड्याच्या झाडावर बसला. मला बघितलं. उडाला, टेकडीला वळसा घालून पुन्हा तिथेच आला. पुन्हा गेला. चोचीत फळ होतं, मला ते दिसत होतं. मी कॅमेरा लावून बसलेय, त्याची वाट बघतेय, आणि तो माझ्या जाण्याची वाट बघतोय. हे समजायला मला दीड तास लागला. दीड तास ती आत उपाशी होती, माझ्या फोटोसाठी. कॅमेरा, पाण्याची बाटली, सगळं तिथेच टाकून उठले आणि गुडघ्यांचा विचार न करता उतारावरून पळत सुटले. खालच्या बांधावर येऊन मागे बघितलं. मी बांधावर टेकते न टेकते तोच तो खोडाशी पोचला होता. तिथे बसूनच मी खूप वेळ रडले.

अंधार पडल्यावर ऋषिकेशने जाऊन कॅमेरा आणला. नंतर पंधरा दिवस मी गेलेच नाही. मग ऋषिकेशचा जुना मातकट सदरा घातला, उजाडायच्या आधी पोचले आणि शंभर पावलांवर करवंदीच्या जाळीत शिरून बसले. तो आला तेव्हा मला वळसा घातला नाही. मी त्याच्या हिशेबात नव्हतेच. तुमच्यासमोर शपथेवर सांगते, त्या दिवशी तो अकरा वेळा आला आणि एकदाही बिचकला नाही.

कसा येतो तो! तीन-चारदा पंख जोरात मारतो, मग पसरून नुसता तरंगतो, पुन्हा मारतो. वर-खाली, वर-खाली, जणू हवेत पायऱ्या आहेत आणि त्या त्याला पाठ आहेत. मी पाय रोवले, दोन्ही डोळे उघडे ठेवले. त्याच्यावर नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर नेम धरला. ती मोकळी जागा म्हणजे त्याच्या आणि तिच्या मधली जागा होती. अकराव्या खेपेला तो त्या जागेत आला आणि मी बटण दाबलं. हात थांबवला नाही, तो खोडावर टेकेपर्यंत नेला.

फोटो मिळालाय. तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो बाळंतपणं केली. प्रत्येक पोर पहिल्यांदा रडलं की मी बाहेर धावत जाऊन सगळ्यांना सांगायचे. त्या जाळीतूनही तसंच धावत सुटावंसं वाटलं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

फटीकडेही खूप वेळ बघितलं. शंभर पावलांवरून काळी रेघ तेवढी दिसली. आतलं काही कळलं नाही.

आता रागवा. मी फोटो पाठवणार नाही. जयवंतेने वर्णन करून सांगावा असा तो नाही, तुम्हीच बघायचा आहे. तुम्ही दवाखान्याचं लिहू नको म्हणालात, म्हणून मी पाखराचंच लिहिते. ती काळोखात बसते ते पोरांसाठी बसते. पोरं मोठी होऊ लागली की तीच चोचीने भिंत फोडते आणि बाहेर येते. काळोखात राहायचं म्हणून ती राहत नाही. तुम्ही तिथे बसून कुणाला मोठं करताय? ती गेली, तिची पिल्लं गेली, ते खरं आहे आणि ते तुमचंच आहे, मी ते पुसत नाही. पण उद्या तुम्ही त्या विहिरीत गेलात तर जयवंतेच्या पदरात काय टाकाल?

रोहिणी


वाडी,
२७ एप्रिल

रोहिणीबाय,

जयवंतेनं पत्र तीनदा वाचलं. विहिरीचं तुला कुनी सांगितलं ते मला कळलं. मी तिला बोललो नाय.

तू दीड तासानं उठलीस. माझं सगळं अडलंय ते तिथं. मला बी तो दिसला होता, चोचीत फळ घेऊन चाललेला. मला बी दीड पळ होता. मी उठलो नाय, दगड सोडला. ही गोष्ट ऑपरेशननं जात नाय, अन तू ती जाईल म्हनली नायस, हे बरं केलंस. तू खोटं बोलली असतीस तर मी आलो नसतो.

बेहड्यावर पुन्यांदा कुनीतरी घर केलं. मला वाटलं होतं, ते झाड मी नासवलं.

एक विचारतो. अकरा खेपा तू मोजल्यास, त्या दिवसभराच्या का सकाळच्याच? ऊन चढल्यावर बी तो येत होता का? मला रात्री तेवढंच डोक्यात येतं, त्याला उंबरं कुठं मिळत असतील. आमच्या येळेला धरनाकाठी दोन झाडं होती.

दवाखाना कुठल्या तारखेला? जयवंता संगं येईल.

सहदेव


खालापूर,
२१ मे

सहदेवदादा,

दवाखान्याची तारीख दुकानात फोन करून कळवली, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. अकरा खेपा दिवसभराच्या. भर उन्हातही तो येत होता. धरणाकाठचं एक उंबर अजून उभं आहे, मी जाऊन बघून आले.

कर्जतला त्या दिवशी तुम्ही टेबलावर आडवे झालात आणि डॉक्टरांना म्हणालात, “थांब रं, आधी तुझा हात बघू, थरथरतो का.” डॉक्टर अजून हसताहेत. तुमचा हात मी धरला होता आणि तो थरथरत होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

थेंब दिवसातून चार वेळा. पाणी लावायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, वाकायचं नाही. दुसऱ्या डोळ्याचं पावसाळ्यानंतर बघू. जयवंतेकडे बंद पाकीट दिलंय. पंधरा दिवस पुरे झाल्याशिवाय ते उघडायचं नाही. मला उगीच भीती वाटतेय. पाखराचा डोळा हवा तेवढा स्पष्ट आलेला नाही, एका पंखाची कडा हलल्यासारखी आहे. तुम्ही इतकी वाट बघितलीत आणि फोटो साधाच निघाला, तर मी काय करू? चुका काढा, पण जरा सांभाळून.

रोहिणी


वाडी,
४ जून

रोहिणीबाय,

हे मी लिवतोय. माझ्या हातानं. ओळ सरळ जातेय का बघ.

पाकीट काल उघडलं. सकाळी अंगनात बसलो, सगळ्यांना म्हनलो, जरा लांब व्हा. जयवंता दारातनं बघत होती.

बाय, मी कधी उडतं पाखरू बघितलंच नव्हतं. हे मला साठीत कळलं. माझ्या हातात आलं ते सगळं मिटलेलं आलं. हवेत होतं तेव्हा ते मला पाखरू नव्हतंच, कुठं पडंल तेवढी जागा होती. पंख किती मोठा हाय! आमच्या सुपाएवढा तरी. एकेक पीस मोजता येतं. मी मोजली, टोकाच्या बाजूची नऊ सुटी हायेत, अन त्यांच्यामधनं उजेड आरपार आलाय. शेपटीच्या टोकाला पांढरं, त्याच्या आधी काळा पट्टा. पोट वर खेचलेलं, पाय आत घेतलेले. चोचीच्या टोकावर उंबर इतकं हळू धरलंय की सालाला चिर पडली नाय. एवढी मोठी चोच, अन एवढं हळू. जयवंतेच्या पोरीला कुनी असं उचललं नसंल. मी दुपारपर्यंत बघत होतो. जेवायला हाका मारल्या, ऐकू आल्या नाय.

कडा हलली हाय, खरं हाय. हलनारच, तो हलतोय ना. डोळा बी अंधुक हाय. असू दे. तुला गुन द्यायला मी गुरुजी नाय.

मग ऊन कलतं झालं अन फोटोच्या डाव्या कोपऱ्यात नजर गेली. तिथं खोड हाय, तू म्हनलेली काळी रेघ हाय. तू लिवलंस की आतलं काय कळलं नाय. मी फोटो उन्हाकडं धरला, जवळ नेला, लांब नेला. जयवंतेला बोलावलं, म्हनलो, तू बघ, माझा डोळा नवा हाय, चुकत असंल. तिनं बघितलं अन त्या रेघेवर बोट ठेवलं.

तो अजून हवेत हाय, बाय. खोडापासनं चांगला दोन हात लांब. अन फटीतनं चोच बाहेर आलीय. उघडी.

सहदेव